लेहच्या थंडीत मॉस्फेट मरत नाही, मग युनिट का बंद पडतं?

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नुकतीच नोकरीला लागलेली, पूर्वी माझ्याकडे दोन महिने शिकायला असलेली मुलगी विचारते:

"काका, आमचा पाच किलोवॅटचा सोलर इन्व्हर्टर या हिवाळ्यात लेहला जाणार आहे. त्यात वीज झटपट चालू-बंद करणारे मॉस्फेट ट्रान्झिस्टर आहेत. त्या सगळ्यांच्या डेटाशीटवर, म्हणजे माहितीपत्रकावर, उणे ५५ अंश लिहिलंय, मग उणे ४० ला काळजी कसली? शिवाय मॉस्फेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला तर आणखी चांगला चालतो, असं वाचलं. हे खरं असेल तर थंडी आपल्या फायद्याचीच नाही का?"

वाचलंस ते खरं आहे. तरीही तुझा इन्व्हर्टर लेहमध्ये पहिल्याच पहाटे बंद पडू शकतो. तू डेटाशीट मॉस्फेटची काढलीस. आता डीसी बसवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य डीसी पट्टीवरच्या, इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरची काढ. वीज साठवणाऱ्या या भागाच्या आत द्रव असतो. ४०० किंवा ४५० व्होल्टच्या बऱ्याच सर्वसाधारण कॅपॅसिटरवर खालची मर्यादा उणे २५ अंशच दिलेली असते. म्हणजे एकाच बोर्डावर एक भाग उणे ५५ चा आणि त्याच्याशेजारी दोन सेंटिमीटरवर दुसरा उणे २५ चा. युनिटची मर्यादा दुसऱ्याने ठरते.

आधी मॉस्फेटबद्दल, कारण तुझी शंका तिथून सुरू झाली. आपल्याकडे द्रव नायट्रोजन मिळवणं कठीण नाही. आणंदच्या बाजूला सगळा दुधाचा पट्टा, कृत्रिम रेतनासाठी तिथे नायट्रोजनची भांडी सतत येत-जात असतात. काही वर्षांपूर्वी मी असंच एक भांडं आणून थर्मोकोलच्या डब्यात ५०० व्होल्टचा साधा सिलिकॉन मॉस्फेट बुडवला होता. गेटला, म्हणजे मॉस्फेट उघडणाऱ्या पायाला, १२ व्होल्ट, करंटच्या वाटेवरच्या ड्रेन या पायातून स्थिर ५ अँपिअर, आणि मीटर थेट पायांवर, म्हणजे तारांतला ड्रॉप मोजला जाऊ नये. खोलीच्या तापमानाला सव्वा व्होल्टच्या जवळ आकडा होता. डब्यात उतरवल्यावर नायट्रोजन खळखळून उकळला, मीटरवरचा आकडा धडाधड खाली आला, आणि उकळी शांत झाली तेव्हा पाव व्होल्टच्या आसपास थांबला. तोच मॉस्फेट, तोच करंट, आणि नुकसान, म्हणजे उष्णतेत वाया जाणारी वीज, पाचव्या हिश्शावर.

कारण सोपं आहे. सिलिकॉनचे अणू उष्णतेने थरथरत असतात आणि त्या थरथरीला धडकत इलेक्ट्रॉन पुढे जातात. थंडी वाढली की थरथर कमी, वाट मोकळी. जास्त व्होल्टेजच्या मॉस्फेटमध्ये बहुतेक रेझिस्टन्स ड्रिफ्टच्या, म्हणजे व्होल्टेज पेलणाऱ्या, जाड थरात असतो, म्हणून तिथे हा फायदा ठळक दिसतो. हे अनंतापर्यंत चालत नाही. ५० केल्विनच्या खाली फॉस्फरससारख्या मुद्दाम मिसळलेल्या अशुद्धीच्या अणूंनी सोडलेले इलेक्ट्रॉन पुन्हा त्यांच्याकडेच अडकायला लागतात, वाहकच कमी पडतात आणि रेझिस्टन्स परत चढतो. ७७ केल्विन, म्हणजे उणे १९६ अंश, हे सिलिकॉन मॉस्फेटसाठी जवळजवळ सुखाचं तापमान आहे.

पण त्याच मॉस्फेटच्या दोन गोष्टी थंडीत बिघडतात, आणि त्यातली एक तुला थेट भोवणार आहे.

पहिली थ्रेशोल्डची. गेटचा थ्रेशोल्ड व्होल्टेज, म्हणजे मॉस्फेट उघडायला लागणारं किमान व्होल्टेज, थंडीत दर अंशाला काही मिलिव्होल्टने वाढतो. नायट्रोजनपर्यंत गेलीस तर साधारण एक व्होल्ट वर. गेटला १० ते १२ व्होल्ट देत असशील तर काही अडत नाही. ५ व्होल्टवर चालणारा लॉजिक लेव्हलचा मॉस्फेट वापरला असशील तर तो अर्धवट उघडेल आणि तापेल.

दुसरी ब्रेकडाउनची, म्हणजे बंद मॉस्फेट जास्तीत जास्त किती व्होल्टेज अडवू शकतो त्याची. इलेक्ट्रॉनना मोकळी वाट मिळते, म्हणजे ते जास्त वेग घेतात, आणि वेग घेतला की समोरच्या अणूतून नवे इलेक्ट्रॉन उडवतात. त्यामुळे अव्हलांच, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा हा लोंढा, कमी व्होल्टेजला सुरू होतो. ढोबळ हिशोब दर अंशाला ०.१ टक्का घट. डेटाशीटवरचे ६५० व्होल्ट २५ अंशाचे असतात. त्याच वेळी सोलर पॅनल उलट वागतं: थंडीत त्याचं ओपन सर्किट व्होल्टेज वाढतं, दर अंशाला ०.२८ टक्क्यांच्या आसपास.

आता लेहची सकाळ उणे ३० ची धरून हिशोब मांड. एकापाठोपाठ जोडलेल्या दहा पॅनलची स्ट्रिंग, प्रत्येकी ४९ व्होल्ट, २५ अंशाला ४९० व्होल्ट. ५५ अंशांचा फरक, म्हणजे १५ टक्क्यांहून थोडी जास्त वाढ: ५६५ व्होल्ट. व्होल्टेज वाढवणाऱ्या बूस्ट सर्किटच्या डायोडमधून हे बसवर जसंच्या तसं येऊन बसतं. इकडे मॉस्फेट ६५० वरून ६१४ वर उतरलेला. बडोद्यात तुझ्या टेबलावर तुला १६० व्होल्टची जागा दिसत होती, तिथे ५० पण उरत नाही. त्यात थंडीत मॉस्फेट झटकन बंद होतो, लेआउटमधल्या इंडक्टन्समुळे स्पाइक, म्हणजे व्होल्टेजचा क्षणिक झटका, उंच जातो, आणि ते ५० व्होल्ट स्पाइकच खाऊन टाकतो. रात्रभर गारठलेलं पॅनल, पहिलं स्वच्छ ऊन, अजून लोड घेतलेला नाही: सगळ्यात वाईट क्षण तोच. एक पॅनल कमी कर किंवा वरच्या रेटिंगचा मॉस्फेट घे. इथे काटकसर करू नकोस.

आता कॅपॅसिटर. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझी सगळ्यात महागडी शिकवण इथली.

लडाखमधल्या एका लहान प्रकल्पासाठी आम्ही सहाय्यक पॉवर सप्लाय करून पाठवले होते, २३० व्होल्टवर चालणारे. इथे चाचणी झाली होती, उणे २० पर्यंत फ्रीझरमध्ये ठेवूनही पाहिले होते. जानेवारीत फोन आला: स्विच टाकला की आतून टिक्‌ टिक्‌ टिक्‌ आवाज येतो आणि आउटपुट चढतच नाही. दुपारी बारानंतर आपोआप सुरू होतं. एकदा सुरू झालं की रात्रभर चालतं, बंद केलं की पुन्हा तेच. तिथल्या ऑपरेटरने स्वतःच उपाय काढला होता. पेटीत शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावून अर्धा तास ठेवायचा, मग मेन स्विच टाकायचा.

एक युनिट परत मागवलं आणि चेंबरमध्ये उणे ४० ला रात्रभर ठेवलं. सकाळी स्कोपवर, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर, जे दिसलं ते असं. इनरश, म्हणजे स्विच टाकताच येणारा करंटचा लोंढा, रोखायला लावलेला एनटीसी थर्मिस्टर २५ अंशाला १० ओहमचा. याचा रेझिस्टन्स थंडीत वाढतो, आणि सरळ रेषेत नाही, घातांकाने वाढतो. उणे ४० ला तो दीडशे ओहमच्या वर गेला होता. म्हणजे मेन्स आणि बस यांच्यामध्ये दीडशे ओहम. स्विचिंग सुरू झालं की बस खाली बसायची. त्यातच कंट्रोल आयसीला सुरुवातीची ऊर्जा देणारा ४७ मायक्रोफॅरडचा छोटा इलेक्ट्रोलायटिक. त्याच्या आतला द्रव मधासारखा घट्ट झालेला, कपॅसिटन्स घटलेली आणि ईएसआर, म्हणजे कॅपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स, कित्येक पट वाढलेला. ट्रान्सफॉर्मरच्या सहाय्यक वाइंडिंगवरून पुरवठा यायच्या आधीच त्याची शिदोरी संपायची, आयसी अंडरव्होल्टेजमुळे बंद, मग पुन्हा चार्ज, पुन्हा प्रयत्न. ते प्रत्येक टिक्‌ म्हणजे एक फसलेला प्रयत्न. एनटीसीला दोन प्रयत्नांच्या मधे गार व्हायला वेळ मिळत होता, म्हणून तो स्वतःच्या उष्णतेनेही सावरत नव्हता.

यात एकही भाग जळलेला नव्हता. गरम केलं की सगळं पूर्ववत. म्हणून तर इथल्या टेबलावर काही सापडत नव्हतं.

त्या छोट्या कॅपॅसिटरऐवजी आम्ही सॉलिड टँटालम आणि त्याला समांतर सिरॅमिक लावला, एनटीसी काढून साधा वायरवाउंड रेझिस्टर आणि तो बायपास करणारा रिले दिला. बसवर उणे ४० ची हमी असलेली मालिका घेतली आणि किंमत दीडपट मोजली. त्यानंतर बल्बची गरज पडली नाही. माझी चूक फ्रीझरची होती: घरगुती डीप फ्रीझर उणे २० ला थांबतो, आणि खरी अडचण त्याच्या पुढे सुरू होते. उणे २० ला सगळं ठीक चाललं म्हणून उणे ४० लाही चालेल, असं धरून चालणं इलेक्ट्रोलायटिकच्या बाबतीत घातक आहे.

डेटाशीटमध्ये इम्पीडन्स रेशो नावाची एक ओळ असते: उणे ४० चा इम्पीडन्स भागिले २० चा. ती १२० हर्ट्झची असते. स्विचिंगच्या फ्रीक्वेन्सीला फरक याहून मोठा असतो, कारण तिथे फक्त ईएसआर बोलतो. रिपल, म्हणजे डीसीवरची लहर, वाढतो, आउटपुट स्थिर ठेवणाऱ्या फीडबॅक लूपचं गणित बदलतं, लूप डगमगू शकतो. चांगली बाजू एवढीच, की वाढलेल्या ईएसआरमुळे कॅपॅसिटर स्वतः तापतो आणि काही मिनिटांत बराचसा सावरतो. म्हणून मी सारखं म्हणतो, चालू युनिट थंडीत टिकतं, बंद युनिट सुरू होत नाही.

बाकीचे भाग पटापट. पॉलिप्रॉपिलिन फिल्मला थंडी जवळजवळ जाणवत नाही. सिरॅमिक कॅपॅसिटरच्या प्रकारांमध्ये सी झिरो जी ढळत नाही, एक्स सेव्हन आर उणे ५५ पर्यंत १५ टक्क्यांत राहतो पण नायट्रोजनमध्ये अर्ध्याहून जास्त गमावतो, वाय फाइव्ह व्ही लावूच नकोस. मेटल फिल्म रेझिस्टर विश्वासू. कार्बन कंपोझिशनचा रेझिस्टर अतिथंडीत इतका वाढतो की लोक त्याचा थर्मामीटर म्हणून वापर करत आले आहेत. प्रकाशातून सिग्नल पलीकडे पोचवणाऱ्या ऑप्टोकपलरमधला एलईडी उजळतो, पण समोरच्या फोटोट्रान्झिस्टरचा गेन पडतो, त्यामुळे सीटीआरला, म्हणजे बाहेर मिळणारा करंट भागिले आत दिलेला करंट या गुणोत्तराला, भरपूर राखीव ठेव. तांब्याचा रेझिस्टन्स उणे ४० ला चौथ्या हिश्शाने कमी, नायट्रोजनमध्ये फक्त सातवा-आठवा हिस्सा उरतो. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरचा फेराइट मात्र नाराज होतो. पॉवर फेराइट बनवतानाच त्याचं सगळ्यात कमी नुकसान ९०-१०० अंशांच्या आसपास यावं अशी रचना केलेली असते, थंडीत नुकसान दुपटीहून जास्त होतं आणि पर्मिअ‍ॅबिलिटी उतरते. विद्युत गोंगाट अडवणाऱ्या तुझ्या ईएमआय फिल्टरची चोक थंड सकाळी कमी काम करेल. खूप खाली जायचं असेल तर नॅनोक्रिस्टलाइन कोअर घे.

तुझ्या कंपनीत सिलिकॉनऐवजी सिलिकॉन कार्बाइडचे मॉस्फेट वापरायची चर्चा चालू आहे, असं तू मागे म्हणाली होतीस. लेहसाठी चालेल. पण अतिथंडीत हा सिलिकॉनसारखा वागत नाही. ऑक्साइडच्या सीमेवरचे सापळे इलेक्ट्रॉन धरून ठेवतात, थ्रेशोल्ड चढतो, आणि त्यातल्या अशुद्धीचे अणू सिलिकॉनमधल्यापेक्षा इलेक्ट्रॉन घट्ट धरतात. त्यामुळे नायट्रोजनमध्ये त्याचा रेझिस्टन्स कमी होण्याऐवजी वाढतो. गॅलियम नायट्राइड मात्र कमालीचा तग धरतो. त्यातला इलेक्ट्रॉनांचा पातळ थर डोपिंगवर, म्हणजे मिसळलेल्या अशुद्धीवर, अवलंबून नसतो, तो दोन पदार्थांच्या सीमेवर ध्रुवीकरणामुळे तयार होतो, म्हणून गोठत नाही. द्रव हेलियमच्या ४ केल्विनलाही तो चालतो. आयजीबीटी हा दुसऱ्या जातीचा स्विच दोन्हीच्या मधे: बंद करताना मागे रेंगाळणारा टेल करंट आखूड होतो, स्विचिंग नुकसान कमी होतं, पण जंक्शनचा ड्रॉप चढतो. साधा सिलिकॉन डायोड नायट्रोजनमध्ये १० मायक्रोअँपिअरला एक व्होल्टच्या आसपास दाखवतो, हेलियममध्ये १.६ च्या जवळ. इतकं खात्रीचं वागणं आहे की क्रायोजेनिक्समध्ये थर्मामीटर म्हणून डायोडच वापरतात.

आता तुझा शेवटचा प्रश्न, "थंडी फायद्याचीच नाही का?" थंडी फुकट मिळत असेल तर हो. विकत घ्यावी लागत असेल तर हिशोब कर. ७७ केल्विनवरून एक वॅट उष्णता बाहेर काढायला निसर्गाचा नियम कमीत कमी २.९ वॅट मागतो. प्रत्यक्षातली यंत्रं दहा, पंधरा, लहान असतील तर त्याहून जास्त खातात. मॉस्फेटचं नुकसान पाचवा हिस्सा झालं, म्हणजे पाच वॅटचा एक झाला. तो एक वॅट बाहेर काढायला दहा वॅट गेले. तोटाच. ४.२ केल्विनला तर आदर्श यंत्रसुद्धा एका वॅटला सत्तर वॅट घेतं.

मग लोक हे कशासाठी करतात? जिथे थंडी दुसऱ्या कारणासाठी आधीच आहे तिथे. सुपरकंडक्टिंग चुंबकाला हजारो अँपिअर लागतात. ते बाहेरून आत न्यायला तांब्याच्या जाड लीड, म्हणजे करंट वाहून नेणाऱ्या जोडण्या, आणि त्यांच्यातून बाहेरची उष्णता आत झिरपते. खोलीच्या तापमानावरून ७७ केल्विनपर्यंत, उत्तम आकाराच्या लीडमधूनसुद्धा हजार अँपिअरला प्रत्येकी ४५ वॅटच्या आसपास. कन्व्हर्टरच आत बसवला तर बाहेरून जास्त व्होल्टेजचा थोडाच करंट आणावा लागतो आणि लीड बारीक होते. एमआरआयवाल्यांनी दुसरी वाट काढली आहे: चुंबकात करंट भरला, सुपरकंडक्टिंग स्विच मिटवला, आणि बऱ्याच यंत्रांत लीडच बाहेर काढून घेतली. करंट आत फिरत राहतो.

जिनिव्हाजवळच्या एलएचसी या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रात १२३२ मुख्य डायपोल चुंबक १.९ केल्विनला असतात आणि प्रत्येकाला समांतर एक मोठा सिलिकॉन डायोड त्याच थंड हेलियममध्ये बसवलेला आहे. चुंबक सुपरकंडक्टिंग राहिला नाही तर करंट त्याला वळसा घालून जावा म्हणून. त्या तापमानाला तो डायोड सुरू व्हायला साधारण सहा व्होल्ट लागतात. रोजच्या कामात चुंबकावर इतकं व्होल्टेज येतच नाही, म्हणून तो बंद राहतो. बिघाड झाला की उघडतो, करंटने तापतो आणि ड्रॉप एक व्होल्टच्या आसपास उतरतो. थंडीचा दोष इथे गुण म्हणून वापरला आहे. मला हे उदाहरण फार आवडतं.

याउलट अवकाशात बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक्सला उबेतच ठेवतात. मंगळावरच्या रोव्हरमध्ये त्यासाठी इन्सुलेशन केलेली उबदार पेटी असते. चांद्रयान ३ चा विक्रम लँडर प्रज्ञान रोव्हरला घेऊन २३ ऑगस्ट २०२३ ला उतरला, चंद्रावरच्या एका दिवसाचं, म्हणजे आपल्या १४ दिवसांचं काम ठरलं होतं आणि ते झालं. रात्र होण्याआधी दोघांना निद्रेत ठेवलं, २२ सप्टेंबरला पुन्हा साद घातली, उत्तर आलं नाही. एवढ्या थंडीत चिप कदाचित तगेल, पण बॅटरी, सोल्डरचे सांधे, पॅकेजच्या आतल्या तारा यांचं काय होतं हा प्रश्न चिपपेक्षा मोठा असतो.

सोल्डरचं तुला लेहसाठीही बघावं लागेल. सिलिकॉन दर अंशाला दशलक्षात २.६ भाग आकुंचन पावतो, तांबं १७, बोर्डाची जाडी ५० च्या पुढे. कडाक्याच्या रात्री उणे २५, दुपारी पेटीत अधिक ३०. हा ताण सांध्यावर येतो. शिशाविरहित, कथिलप्रधान सोल्डर खूप थंडीत ठिसूळ होतं, शिसं असलेलं जुनं ६३/३७ जास्त लवचीक राहतं. शुद्ध कथिल १३ अंशांच्या खाली हळूहळू करड्या भुकटीचं रूप घेऊ शकतं, म्हणून शुद्ध कथिलाचा मुलामा असलेल्या पायांपासून दूर राहा. साधं सिलिकोन रबराचं पॉटिंग, म्हणजे भागांवर ओतून घट्ट करायचं आवरण, उणे ४५ च्या आसपास कडक होऊन भागांना ओढतं. पॉटिंगची खालची मर्यादा लेखी मागून घे.

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, हे विसरू नकोस. हवा विरळ, त्यामुळे हीटसिंक इथल्याइतकी काम करत नाही आणि हवेतून ठिणगी लवकर उडते. क्लिअरन्सचे, म्हणजे दोन वाहकांमधल्या हवेतल्या अंतराचे, नेहमीचे आकडे २००० मीटरपर्यंतचे असतात. ४००० मीटरसाठी ते १.२९ पट करावे लागतात. ही अडचण थंडीची नसली तरी दोन्ही एकाच ट्रकने पोचतात.

आणि सोबतची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर शून्याखाली चार्जिंग बंद ठेवणारं बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, आहे याची खात्री कर. नाहीतर लिथियम धातूरूपात साठतं आणि सेल कायमचा जातो. लेड अ‍ॅसिड असेल तर पूर्ण चार्ज ठेवायला सांग. भरलेली उणे ४० लाही गोठत नाही, पूर्ण उतरलेली उणे दहाच्या आतच गोठून फुटते.

चाचणी अशी कर. युनिट बंद करून चेंबरमध्ये उणे ४० ला किमान आठ तास ठेव, मधल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत थंडी पोचू दे. मग तिथेच, दार न उघडता, कमीत कमी इनपुटवर सुरू कर. बंद करून पुन्हा आठ तास, मग जास्तीत जास्त इनपुटवर. दर वेळी बसचं व्होल्टेज आणि ड्रेनवरचा स्पाइक स्कोपवर टिपून ठेव. अशा वीसेक फेऱ्या झाल्या की सोल्डरचे सांधे भिंगाखाली बघ. चेंबर भाड्याने मिळतं, माझ्याकडे ये, पत्ता सांगतो.

आणि चेंबरमधून काढलेलं युनिट बडोद्याच्या हवेत लगेच चालू करू नकोस. दोन मिनिटांत बोर्डावर दव धरतं, चारशे व्होल्टच्या दोन ट्रॅकमध्ये पाणी साचतं. आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांध, खोलीच्या तापमानाला येऊ दे, मग पिशवी उघड.